टेक्सासमध्ये रोहीची शिकार, तीही रिव्हॉल्वरने: कुठलं कॅलिबर आणि कुठली गोळी?

मुलुंडचा_नेमबाज

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण सगळं नीट सांगितल्याशिवाय कुणाला उत्तर देता येणार नाही म्हणून लिहितोय.

मी मुलुंडला राहतो, वय ४६, गेली १४ वर्षं वरळीच्या रेंजवर पिस्तुल चालवतो, .२२ आणि .३२ सेंटर फायर, सगळं २५ मीटर. रायफल हातात घेतली असेल चार-पाच वेळा, ते माझं काम नाही. माझा मावसभाऊ टेक्सासला कॉर्पस क्रिस्टीच्या खाली राहतो, ग्रीन कार्डवाला आहे, आणि त्याच्या ओळखीच्या एका रँचवर नीलगाई आहेत. हो, आपल्याच नीलगाई, ज्यांना आमच्या गावाकडे रोही म्हणतात. तिकडे किंग रँचवाल्यांनी १९२०-३० च्या दशकांत आणून सोडल्या, कुंपणं ओलांडून त्या पसरल्या आणि आता दक्षिण टेक्सासमध्ये हजारोंनी आहेत. तिथे त्या बाहेरून आलेल्या प्राण्यात मोडतात त्यामुळे त्यांना बंदीचा हंगाम नाही, खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने वर्षभर मारता येतात. भाऊ म्हणतो जानेवारीत ये, एक मांसासाठी काढू, आणि तू पिस्तुलवाला आहेस तर रिव्हॉल्वरनेच कर, मी मागे रायफल घेऊन उभा राहतो.

आमचं गाव वाशिम जिल्ह्यात. रोही काय असतो ते मला लहानपणापासून माहीत आहे, काका तुरीत आणि हरभऱ्यात रात्रभर जागल करायचे, डबा वाजवायचे, आणि सकाळी उठून बघावं तर अर्धा पट्टा आडवा. घोड्याएवढं जनावर ते. म्हणूनच माझी काळजी ही आहे की हातात मावणाऱ्या हत्याराने ते स्वच्छ मरेल का, की जखमी होऊन झुडपात जाऊन दोन दिवस तडफडत पडेल. तसं होणार असेल तर मी करणारच नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

भावाकडे चार रिव्हॉल्वर आहेत. एक .३५७ मॅग्नम सहा इंची नळीचं, एक रुगर सुपर रेडहॉक .४४ मॅग्नम साडेसात इंची नळी, एक फ्रीडम आर्म्सचं .४५४ कॅसुल, आणि एक स्मिथ अँड वेसनचं ते राक्षसी ५००. मला मनातून .३५७ सोपं वाटतंय कारण .३२ ची सवय आहे, धक्का झेपेल. भाऊ म्हणतो .४५४ घे. यूट्यूबवर बघावं तर जो तो ५०० च्या मागे. कुठलं घ्यावं, गोळी किती ग्रेनची (म्हणजे किती वजनाची) आणि कुठल्या प्रकारची, किती अंतरावरून, स्कोप लावावा की नळीवरच्या साध्या, उघड्या साइटने मारावं? ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा प्लीज.

(भारतात शिकार बंद आहे, १९७२ चा कायदा आहे, ते मला माहीत आहे आणि मान्य आहे. इथे काही करायचा विचार नाही.)

सॅन_अँटोनियोकर

दादा, तुम्ही जखमी होण्याचा मुद्दा आधी काढलात हे बरं केलंत, कारण बाकी सगळं त्यावरच ठरतं. मी इथे १९ वर्षं आहे, मूळचा दादरचा, हरणं आणि रानडुकरं रिव्हॉल्वरने केलीत आणि नीलगाई तीन, त्यातल्या दोन .४४ ने आणि एक रायफलने.

आधी .३५७ डोक्यातून काढा. १९३५ ची गोळी आहे ती, माणसासमोर आणि लहान हरणाला ठीक. फॅक्टरीची १५८ ग्रेनची गोळी नळीतून १२३५ फूट पर सेकंदाने निघते, म्हणजे तिची ऊर्जा ५३५ फूट-पाऊंडाच्या आसपास, आणि ५० यार्डाला पोचेपर्यंत सव्वाचारशे राहते. कोलोरॅडोत मोठ्या जनावरासाठी हँडगनला ५० यार्डावर कमीत कमी ५५० फूट-पाऊंड लागतात असा नियमच आहे, तिथे साधं .३५७ दारातच अडतं. आणि इथला नीलगाईचा नर २५० किलोपर्यंत जातो, मानेवर आणि छातीवर कातडी इतकी जाड की सोलताना सुरीची धार दोनदा लावावी लागते.

आता .४४. १९५५ मध्ये स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टनने काढली, एल्मर कीथ नावाचा आयडाहोचा माणूस वर्षानुवर्षं त्यांच्या मागे लागला होता म्हणून. २४० ग्रेन, १३५० च्या आसपास वेग, साडेनऊशे फूट-पाऊंड. तुमच्या .३२ लाँगशी तुलना केली तर तिथे ९८ ग्रेन आणि सातशे वेग, शंभरच्या थोडं वर. म्हणजे नऊपट. पण हा आकडा फार मनावर घेऊ नका, खरं सांगतो, आकड्याने जनावर पडत नाही. रायफलची गोळी वेगामुळे आजूबाजूचं मांस फाडत जाते, रिव्हॉल्वरच्या वेगाला तसं काही होत नाही, रिव्हॉल्वरची गोळी फक्त भोक पाडते. मग ते भोक रुंद हवं, सरळ हवं आणि आरपार हवं. एवढंच गणित आहे.

म्हणून २४० ग्रेनची होलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ असलेली, आत जाऊन पसरणारी गोळी, मी नीलगाईला देणार नाही. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला ती उत्तम, फुफ्फुसात उघडते आणि हरीण पन्नास पावलांत पडतं. पण नीलगाईच्या खांद्याच्या हाडावर ती लवकर उघडली तर आत जायची थांबते. तिथे ३०० ग्रेनची हार्ड कास्ट घ्यायची, म्हणजे शिशात अँटिमनी आणि कथील मिसळून कडक ओतलेली, पुढून चपटी, रुंद तोंडाची. ती उघडत नाही, पसरत नाही, हाड आलं तर हाड फोडून सरळ पलीकडे निघते. वेग १२०० असला तरी पुरतो. २४० आणि ३०० दोन्ही गोळ्यांचा व्यास तोच आहे, ३०० ची फक्त लांब आहे, त्यामुळे तिच्या मागे वजन जास्त येतं आणि ती आत घुसत राहते. सेक्शनल डेन्सिटी म्हणतात त्याला, २४० ला .१८६ आणि ३०० ला .२३३.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, आरपार जाणारी गोळी मागच्या जनावरालाही लागते. नीलगाई कळपात असतात. मागे दुसरी उभी असेल तर थांबायचं, कितीही चांगला चान्स असला तरी थांबायचं.

एक्सफ्रेम_फॅन

सुपर रेडहॉक चांगलंच आहे पण घरात ५०० पडलंय तर ते का नाही घ्यायचं? २००३ मध्ये आली ही गोळी, अडीच हजार फूट-पाऊंड, रायफलच्या जवळ जाते. मोठं जनावर आहे म्हणता, मग मोठंच घ्या ना, चुकलं थोडं तरी काम होईल.

सॅन_अँटोनियोकर

भाऊ, "चुकलं थोडं तरी काम होईल" हेच मला पटत नाही, रागावू नका. पोटात लागलेली .५०० ही पोटात लागलेलीच असते. मी स्वतः इथल्या एका रँचवर पाहिलंय, एकाने मोठ्या कॅलिबरने मागे मारली, आम्ही टॉर्च घेऊन रात्री अकरापर्यंत माग काढत होतो आणि ते जनावर सकाळी गिधाडांमुळे सापडलं. नीलगाईच्या रक्ताचा माग तसाही फार पडत नाही, ती जाड कातडी भोकावर सरकून बसते.

५०० चं मला वैर नाही. आठ इंची नळीचं दोन किलोचं धूड आहे ते, रोज चालवणाऱ्याच्या हातात सुंदर चालतं. पण यांनी आयुष्यात .३२ चालवलंय आणि जाऊन पंधरा दिवसांत ५०० शिकायचं म्हणजे दहाव्या बारपासून डोळे मिटायला लागतात, चाप ओढायच्या आधीच मनगट खाली झुकतं. आणि एकदा ती सवय लागली की .२२ मध्येसुद्धा उतरते. तुमचं १४ वर्षांचं काम खराब होईल दादा.

.४५४ बद्दल, ती गोळी खरोखर फार चांगली आहे, ३०० ग्रेन १६२५ वेगाने, सतराशे साठच्या आसपास फूट-पाऊंड. डिक कॅसुलने १९५० च्या दशकात जुन्या .४५ कोल्टची केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) लांब आणि मजबूत करून बनवली आणि फ्रीडम आर्म्सने १९८३ पासून तिच्यासाठी पाच गोळ्यांचं रिव्हॉल्वर काढलं. त्या रिव्हॉल्वरमध्ये घड्याळासारखं काम आहे. पण धक्का .४४ च्या जवळपास दुप्पट, आणि तो झटकन येतो, ढकलत नाही, चापट मारतो. तुमच्या भावाला सवय असेल. तुम्ही सुरुवात .४४ पासून करा, तेही आधी .४४ स्पेशल घालून, ती त्याच सिलिंडरमध्ये बसते आणि अगदी मवाळ असते. पन्नास स्पेशल, मग साध्या २४० च्या, मग शेवटी ३०० च्या. दिवसाला पूर्ण ताकदीची तीसपेक्षा जास्त काडतुसं मारू नका.

ठाण्याचा_वकील

कॅलिबरचं तुम्ही लोक बघा, मला यातलं कळत नाही, पण या धाग्यात अजून कोणी व्हिसाबद्दल बोललं नाही म्हणून लिहितोय आणि हे सगळ्यात आधी वाचायला हवं.

तुम्ही बी१/बी२ व्हिसावर जाणार. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात (१८ यूएससी ९२२) नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. मालकीची नाही, फक्त हातात घेतली, रेंजवर चालवली, तरी. एच-१बी वाल्यांनाही हेच लागू होतं आणि आपल्या कितीतरी मुलांना हे माहीत नसतं, मित्रांबरोबर रेंजवर जाऊन फोटो टाकतात. यातून जे अपवाद आहेत त्यात तुमच्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं वैध, चालू हंटिंग लायसन्स. ते तुमच्या नावावर असलं की चालतं.

आता यात एक खड्डा आहे. टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुकरं मारायला २०१९ पासून लायसन्स लागत नाही. त्यामुळे तिकडचे लोक सहज म्हणतात, अरे सराव म्हणून आधी डुकरं मारू, लायसन्स नंतर बघू. राज्याच्या हिशोबाने ते बरोबर आहे, पण तुमच्यासाठी ते लायसन्स म्हणजेच बंदूक हातात घ्यायची परवानगी आहे. त्यामुळे विमानातून उतरल्यावर पहिलं काम लायसन्स, मग रेंज. नीलगाईला तर टेक्सासचं लायसन्स लागतंच. आणि २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, तुम्ही त्यात बसता, मोठ्यांना तो ऑनलाइन करता येतो, मुंबईत बसूनच उरकून घ्या. लायसन्सचं वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असतं, जानेवारीला अडचण नाही. कागद खिशात ठेवा, फोनमध्ये नुसता फोटो नको.

मुलुंडचा_नेमबाज

वकीलसाहेब, मनापासून आभार. भावाला आत्ताच फोन केला, त्याला स्वतःला हे माहीत नव्हतं कारण तो बरीच वर्षं ग्रीन कार्डवर आहे. तो म्हणत होता शनिवारी उतरलास की रविवारी सकाळी रेंजवर जाऊ. आता आधी लायसन्स.

सॅन अँटोनियोकर, ३०० ग्रेन हार्ड कास्ट पक्कं धरतो. पण अंतराचं आणि साइटचं राहिलं. भाऊ म्हणतो नीलगाय शंभर यार्डाच्या आत येऊच देत नाही, डोळे फार तीक्ष्ण. मग रिव्हॉल्वरने जमणार कसं?

शिवाजीपार्क_कोच

अंतराचं मी सांगतो. शिकारीतला मी नाही, पण पिस्तुल शिकवण्यात ३० वर्षं गेली माझी.

तुम्हाला २५ मीटरचं प्रिसिजन टार्गेट पाठ असेल. दहाची रिंग ५० मिलिमीटर, नऊची १००, आठची १५० म्हणजे १५ सेंटिमीटर. या जनावराची हृदय-फुफ्फुसाची जागा त्याहून मोठी असते पण आपण १५ सेंटिमीटरच धरू, कारण मैदानात धाप लागलेली असते, वारा असतो, हात गार पडलेले असतात. ज्या अंतरावर तुमचे दहाच्या दहा बार त्या आठच्या रिंगमध्ये बसतात ते तुमचं अंतर. नऊ बसले आणि एक बाहेर गेला तर ते अंतर तुमचं नाही, पाच मीटर पुढे या. आणि हे टेबलावर हात टेकून नाही, ज्या पद्धतीने तिथे मारणार त्याच पद्धतीने, म्हणजे काठ्यांच्या टेकूवर किंवा जमिनीवर बसून गुडघ्यावर कोपर ठेवून.

तुमची सगळी ट्रेनिंग एका हाताची आहे, हे विसरू नका. तिथे दोन हात लागतील आणि पकड पूर्ण वेगळी. स्पर्धेच्या पिस्तुलाचा चाप १००० ग्रॅमचा, रिव्हॉल्वरचा घोडा मागे ओढून ठेवला तरी साधारण दुप्पट लागतो. डबल ॲक्शनने, म्हणजे घोडा न ओढता नुसता चाप दाबून, मारूच नका, घोडा ओढा, श्वास सोडा, मग चाप. आणि डाव्या हाताचा अंगठा सिलिंडरच्या पुढच्या फटीजवळ कधीही नेऊ नका. पिस्तुलवाल्यांना हात पुढे सरकवून धरायची सवय असते, तिथे सिलिंडर आणि नळीच्या मधून इतका गरम वायू आणि शिशाचे कण फेकले जातात की मॅग्नमला बोट चिरून निघतं.

मुंबईत बसून काय करता येईल? तुमचं .३२ घ्या (क्लबमध्ये रिव्हॉल्वर असेल तर उत्तमच), दोन हातांनी, काठ्यांवर, रोज वीस मिनिटं कोरडा सराव. रिकामं आहे हे दोनदा बघून, भिंतीवर एक काळा ठिपका, आणि चाप सुटताना साइट हलते का तेवढंच बघायचं. इथे .४४ मिळणार नाही, परदेशी हत्यारांची आयात सामान्य परवानेधारकाला बंदच आहे आणि आपल्याकडे कानपूरच्या कारखान्यातल्या .३२ पर्यंतच गाडी जाते. पण चाप सगळीकडे सारखाच ओढतात. आणि तिथे कानात फोमचे प्लग आणि वरून इअरमफ, दोन्ही. .४४ चा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो, एका बारात कायमचं नुकसान होतं. शिकारीच्या क्षणी लोक काढून टाकतात, तुम्ही काढू नका, इलेक्ट्रॉनिक मिळतात ते वापरा.

सॅन_अँटोनियोकर

कोचसाहेबांचं आठच्या रिंगचं माप मी इथल्या पोरांना सांगणार आहे, इतकं सोपं करून मला कोणी सांगितलं नव्हतं.

माझा अनुभव असा की चांगला पिस्तुलवाला टेकूवर ७५ यार्डापर्यंत जातो, पण नीलगाईला मी स्वतः ६० च्या पुढे मारत नाही. .४४ ची ३०० ग्रेन ५० यार्डाला झीरो केली, म्हणजे त्या अंतरावर नेमक्या जागी लागेल अशी साइट लावली, तर १०० ला पाच-सहा इंच खाली जाते, म्हणजे तिथे नुसता अंदाज चुकला तरी पाय मोडतो. आणि जो लोड वापरणार त्यालाच झीरो करा, २४० ने झीरो करून ऐनवेळी ३०० घातली तर ती वर लागेल. हलकी गोळी नळीतून लवकर निघते, जड गोळी निघेपर्यंत नळी धक्क्याने वर उचललेली असते, त्यामुळे असं होतं.

साइट म्हणाल तर ४६ व्या वर्षी पुढची साइट आणि जनावर दोन्ही स्पष्ट दिसतात का ते स्वतःला विचारा. सुपर रेडहॉकच्या फ्रेमवरच स्कोपच्या रिंगा बसायच्या खाचा आहेत, त्यावर हँडगनचा दोन पॉवरचा स्कोप बसतो, हात लांब करून बघता येतो असा. मला लाल ठिपक्याची साइट जास्त आवडते, पहाटेच्या उजेडात पटकन सापडते.

जवळ जायचं कसं, ते मात्र तुमच्या भावाच्या रँचवर अवलंबून. मी ज्या दोन केल्या त्या दोन्ही बसून केल्या, चालत जाऊन नाही.

वाशिमचा_शेतकरी

मुलुंडकर, तुम्ही आमच्याकडलेच निघाले म्हणून लिहितो. मी बंदूक कधी धरली नाही, पण रोही रोज पाहतो, माझ्या सोयाबीनमध्ये अकरा जणांचा कळप आहे.

रोही रोज त्याच त्या जागी लेंड्या टाकतो. मोठे ढीग होतात, घमेलं दोन घमेलं, आणि नर तर तिथे रोज येऊन वास घेऊन जातो. टेक्सासमध्ये गेला म्हणून त्याची सवय बदलणार नाही. वारा ढिगाकडून तुमच्याकडे येईल अशा अंगाला झाडाझुडपात बसा, पहाटे आणि संध्याकाळी, हलू नका. नाकापेक्षा त्याचे डोळे तेज आहेत, मान हलवली तरी दिसते. पळाला की दीडशे-दोनशे पावलांवर जाऊन थांबतो आणि वळून बघतो, तेव्हा मारायचा मोह कोणालाही होईल, पण तुमच्या त्या छोट्या बंदुकीचं ते अंतर नाही असं वरचे साहेब म्हणतात.

अजून एक. आमच्याकडे ट्रकखाली आलेला रोही गावात आणला होता, फॉरेस्टवाल्यांनी पंचनामा केला तेव्हा मी जवळून पाहिला. काळीज आपण समजतो तितकं मागे नसतं, पुढच्या दोन पायांच्या मधोमध आणि फार खाली असतं. 

आणि मनातलं सांगतो. मला त्याचा त्रास आहे, वर्षाला किती नुकसान होतं ते माझं मला माहीत, वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली त्याला मारायची परवानगी मागायचे कागदही करून झाले. तरी पहाटे धुक्यात निळा नर उभा असतो तेव्हा मी डबा वाजवायचा थांबतो थोडा वेळ. तुम्ही मारणार असाल तर नीट मारा.

सॅन_अँटोनियोकर

काळजाचं शंभर टक्के बरोबर. इथले गाइडही हेच सांगतात, पुढे आणि खाली. जनावर कूस तुमच्याकडे करून उभं असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत सरळ वर या, छातीच्या खालच्या एक तृतीयांशावर. हरणाला आपण खांद्याच्या मागे मारतो, नीलगाईला तसं मारलं तर गोळी फुफ्फुसाच्या मागच्या टोकाला लागते आणि ती अर्धा मैल जाते. खांद्यातूनच घालायची, म्हणून तर हाड फोडणारी हार्ड कास्ट. तिरकं उभं असेल किंवा तोंड तुमच्याकडे असेल तर वाट बघा.

पहिला बार बसला की परत घोडा ओढा आणि उभं असेपर्यंत परत मारा. लोक पहिल्या बारानंतर बघत बसतात. आणि सरावात एक तपासा, सिलिंडरमध्ये सहा घालून पाच मारा आणि सहावं काडतूस काढून मोजा, गोळी केसमधून पुढे सरकली का. जड गोळीला क्रिंप (गोळीवर आवळलेलं केसचं तोंड) ढिलं असेल तर धक्क्याने ती सरकत सरकत सिलिंडरच्या बाहेर डोकावते आणि सिलिंडर फिरायचं थांबतं, अगदी जेव्हा दुसरा बार हवा असतो तेव्हा.

नर की मादी तेही ठरवून ठेवा. मांसासाठी जाताय तर मादी घ्या. वजन जवळपास निम्मं, कातडी पातळ, मांस कोवळं, आणि पहिल्यांदाच रिव्हॉल्वरने करताय.

मुलुंडचा_नेमबाज

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री भावाशी तासभर बोललो आणि असं ठरलंय: सुपर रेडहॉक, .४४, ३०० ग्रेन हार्ड कास्ट, लाल ठिपक्याची साइट, ५० यार्डाला झीरो. रँचवर एका पाणवठ्याजवळ असे ढीग आहेत असं तो म्हणाला, वाशिमचे दादा, तुमचं ऐकून तो चकित झाला, त्याने इतक्या वर्षांत तिथे बसून बघितलं नव्हतं. मादी. आणि माझे दहाचे दहा बार जिथे बसतील तेच अंतर, ते ४० निघालं तर ४०. रेंजवर आठवडाभरात जमलं नाही तर मी त्याच्या शेजारी बसून फक्त बघेन, मारणार तो. हे त्यालाही सांगितलंय.

हंटर एज्युकेशनचा कोर्स सुरू केला. कोचसाहेब, कालपासून भिंतीवर ठिपका लावलाय.

एक शंका, गावच्या काकांना शिंगाचं खूप आहे, आधीच मेलेल्या नराचं जुनं शिंग मिळालं तर आणता येईल का?

ठाण्याचा_वकील

नाही. शिंग नको, कातडं नको, खुराचं कीचेनसुद्धा नको. इथे ते वन्यप्राण्याचा अवयव ठरतं आणि ते टेक्सासचं आहे हे तुम्ही सहारला रात्री दोन वाजता कोणाला समजावणार? काकांना फोटो द्या.

आणि त्याहून महत्त्वाचं, परत येताना जी बॅग रेंजवर आणि रँचवर नेली होती ती विमानात आणूच नका, तिकडेच सोडून या. एक जिवंत काडतूस जॅकेटच्या अस्तरात राहिलं तर एक्सरेमध्ये दिसतं आणि आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होतो, मुद्दाम आणलं नव्हतं हे पुढे कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं. माझ्याकडे अशी दोन प्रकरणं आली आहेत, दोघेही साधे नोकरी करणारे, एकाचा पासपोर्ट दीड वर्ष अडकला. रिकामी केसही आठवण म्हणून खिशात टाकू नका. जॅकेटचे सगळे खिसे उलटे करून, भावाला दुसऱ्यांदा बघायला लावून मगच एअरपोर्टला निघा.